'लाखाची गोष्ट' सांगणारा मिरजेचा राजा

एक लाख रुपये ठरल्या मुदतीत खर्च करून दाखवा, मगच मुलगी देतो. श्रीमंत बापाची ही अट आणि समोर खिशात दमडी नसलेला चित्रकार! १९५२ सालचा 'लाखाची गोष्ट' एवढ्या एका अटीवर उभा आहे. शे-दीडशेच्या पगारात घर चालायचं, तो काळ. पैसा मिळवताना नाकी नऊ येतात हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. तो संपवतानाही येतात, ही गंमत दाखवली राजा परांजपे यांनी.

राजाभाऊंचा जन्म २४ एप्रिल १९१० रोजी मिरजेत झाला. तेव्हा हे पटवर्धनांचं संस्थान. तंतुवाद्यं घडवणारं गाव, अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाव. बेळगावकरांना तर मिरज परकं कधी वाटलंच नाही, गाडी बदलायला तिथंच उतरायचं. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांच्या हाताखाली काम शिकून ते दिग्दर्शनाकडे वळले. १९४८ चा 'जिवाचा सखा', १९५०चा 'पुढचं पाऊल' असं करत गाडी रुळावर आली. ग. दि. माडगूळकरांची लेखणी, सुधीर फडक्यांचं संगीत आणि राजाभाऊंचं दिग्दर्शन हे त्रिकूट जमलं ते जमलंच.

'लाखाची गोष्ट'मध्ये त्यांनी घेतलेली माणसं बघा. कवीच्या भूमिकेत खुद्द गदिमा. नायिका म्हणून दोन सख्ख्या बहिणी, दोघींचाही हा पहिलाच चित्रपट. पुढे रेखा आणि चित्रा या नावांनीच महाराष्ट्र त्यांना ओळखू लागला. आणि चित्रकार झाला राजा गोसावी. स्टुडिओत पडेल ते काम केलेला, नाटकात प्रॉम्प्टिंग केलेला पोरगा. पुण्याच्या भानुविलास टॉकीजवर तो तिकिटं विकायला बसायचा, आणि 'लाखाची गोष्ट' लागला तोही तिथंच! खिडकीतून तिकीट घेतलं त्यालाच आत पडद्यावर लाख रुपये उधळताना लोकांनी पाहिलं. कडक्या माणसाची लगबग कशी असते, हे या नटाला शिकवावं लागलं नसणार.

तेव्हा बेळगाव, पुणे, बडोदा सगळं एकाच मुंबई राज्यात होतं, गोव्यात पोर्तुगीज होते, इंदूर-ग्वाल्हेर मध्य भारतात. चार वर्षांनी नकाशा बदलला. या चित्रपटाचं मात्र काही बिघडलं नाही. लग्नाच्या बाजारात मुलाची ऐपत विचारणारा बाप कुठल्या राज्यात नाही?

त्याच साली आलेल्या 'पेडगावचे शहाणे'मध्ये राजाभाऊ स्वतः काका झाले. लोक ज्याला वेडा समजतात, असा शहाणा काका. यालाही लोक पोट धरून हसले. तोच धागा पुढे चालवून राजाभाऊंना आणखी चार विनोदी चित्रपट सहज काढता आले असते. पण १९५४ साली त्यांनी काढला 'ऊन पाऊस'. निवृत्त शाळामास्तर आणि त्याची बायको. मुलं कर्ती झाली आणि आईबाप वाटून घ्यायची वेळ आली. मास्तर झाले राजाभाऊ, वय अवघं चव्वेचाळीस. सोबत सुमती गुप्ते. 'लाखाची गोष्ट'मध्ये ज्या पैशावर लोकांना हसवलं, त्याच पैशानं इथं घर मोडताना दाखवलं. मला विचाराल तर हे दोन्ही चित्रपट पाठोपाठ बघावेत, आधी 'लाखाची गोष्ट' आणि मग 'ऊन पाऊस'. उलट क्रमानं बघितलात तर हसू येणं कठीण.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. १९६० च्या 'जगाच्या पाठीवर'मध्ये आंधळ्या मुलीसाठी धडपडणारा भोळा माणूस, १९६३ च्या 'हा माझा मार्ग एकला'मधून छोट्या सचिनचं पदार्पण. १९६४चा रहस्यपट 'पाठलाग' तर राज खोसलांनी 'मेरा साया' म्हणून हिंदीत नेला. गाणी गाजली, गर्दी हिंदी चित्रपटाला झाली. मूळ मराठी चित्रपट कुणाचा, हे आजही अनेकांना सांगावं लागतं.

राजाभाऊ ९ फेब्रुवारी १९७९ रोजी गेले. राजा गोसावी गेले १९९८ मध्ये. त्या दोघी बहिणींपैकी रेखा कामत २०२२ मध्ये आणि चित्रा नवाथे २०२३ मध्ये गेल्या.