पलीकडून जाणारी माणसे

ख्रिस्ती घरात वाढलेल्याला चांगल्या शोमरोन्याची गोष्ट लहानपणीच पाठ होते. लुटारूंनी एका वाटसरूला अर्धमेला करून टाकलेले असते. याजक येतो, लेवी येतो. दोघेही त्याला पाहतात आणि रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने निघून जातात. अकोल्याला आमच्या रविवारच्या शाळेत ही गोष्ट ऐकताना मला त्या लुटारूंपेक्षा हे दोघेच जास्त खुपायचे. लुटारूंना निदान काहीतरी हवे होते. यांना काहीच नको होते.

या पलीकडून जाणाऱ्यांचा विचार आला की मला अमरावतीचे डॉ. शिवाजीराव तथा दाजीसाहेब पटवर्धन आठवतात. ते ख्रिस्ती नव्हते. पण गोष्टीतला शोमरोनीही ऐकणाऱ्या यहुद्यांना परकाच होता की!

दाजीसाहेबांचा जन्म १८९२ सालचा. होमिओपॅथीचे डॉक्टर म्हणून अमरावतीत त्यांचा जम बसलेला होता. गांधीजींच्या हाकेला ओ देऊन त्यांनी तुरुंगवासही भोगला. एवढ्यावर थांबले असते तरी गावाने त्यांना मानाने वागवले असते. पण पन्नाशी उलटल्यावर, १९४६ साली, त्यांनी शहराबाहेरच्या माळावर महारोग्यांसाठी तपोवन उभे केले.

त्या काळी महारोग्याचा कोणी उघड द्वेष करीत होते असे नाही. लोक लांबून पैसा टाकीत आणि अंग चोरून पुढे जात. घरचेही हळूहळू त्याचे नाव घेणे सोडून देत. या रोगात मज्जातंतू बधिर होतात. हाताला चटका बसला तरी कळत नाही आणि न कळलेल्या जखमेनेच बोटे झडतात. तसाच बधिरपणा समाजालाही आला होता. येशूने कुष्ठरोग्याला बरे करताना आधी हात लावला, हे शुभवर्तमानात वाचतो तेव्हा त्या स्पर्शाचे मोल मला तपोवनामुळे जास्त कळते.

अचलपूरजवळ कोठाऱ्याला ख्रिस्ती मिशनचे कुष्ठसेवेचे काम आहे आणि आम्हाला त्याचा अभिमान आहे. दाजीसाहेबांचा भर मात्र औषधाइतकाच कामावर होता. शेती, सुतारकाम, विणकाम; ज्याला जे जमेल ते त्याने करायचे. भीक नको, कष्टाची भाकर हवी, हा त्यांचा खाक्या. काहींना तो कडक वाटे. मला तर त्यातच खरे प्रेम दिसते, कारण कीव करायला माणूस बरोबरीचा असावा लागत नाही, काम सोपवायला मात्र लागतो. १९५९ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९८६ साली ते गेले.

तोवर या रोगावर हमखास गुण देणारी बहुविध औषधोपचार पद्धती आलेली होती. जागतिक आरोग्य संघटनेने १९८२ पासूनच तिची शिफारस केली होती. तरी भिक्षेकरी महारोग्यांना धरून कोंडण्याचा १८९८ चा कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडले. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण आम्हा ख्रिस्ती लोकांच्या कायद्यातही होते. ते निघाले २०१९ साली.