संत जेरोम

बायबलचा जुना करार मुख्यतः हिब्रू भाषेत लिहिला गेला. चौथ्या शतकात मात्र रोमन साम्राज्यातील लॅटिन भाषक ख्रिस्ती लोक तो ग्रीक अनुवादावरून केलेल्या लॅटिन अनुवादात वाचत. अनुवादाचा हा अनुवाद पुरेसा नाही, हे जेरोम यांनी ओळखले.

इ. स. ३४७ च्या सुमारास स्ट्रिडॉन येथे जन्मलेल्या जेरोम यांचे शिक्षण रोममध्ये झाले. पुढे सिरियाच्या वाळवंटात एकांतवासात असताना, ख्रिस्ती झालेल्या एका ज्यू गुरूकडून त्यांनी हिब्रूची अक्षरे गिरवली. लॅटिन साहित्यात पारंगत असलेल्या या तरुणाला ती भाषा फार कठीण गेली. अनेकदा त्यांनी अभ्यास सोडला आणि पुन्हा हाती घेतला.

रोममध्ये पोप दमासस यांच्या सांगण्यावरून त्यांनी चार शुभवर्तमानांचा लॅटिन अनुवाद सुधारला. इ. स. ३८६ मध्ये ते बेथलेहेमला स्थायिक झाले. पावला या श्रीमंत रोमन विधवेने तेथे मठ उभारले. तीही हिब्रू शिकली. तेथेच जेरोम यांनी सुमारे पंधरा वर्षे खपून जुना करार हिब्रूवरून लॅटिनमध्ये आणला.

लोकांना मात्र जुनेच शब्द प्रिय होते. योनाच्या कथेत भोपळ्याच्या वेलाऐवजी दुसऱ्याच वेलाचे नाव ऐकताच उत्तर आफ्रिकेतील एका चर्चमध्ये गोंधळ माजला. ऑगस्टीन यांनीही या अनुवादाविषयी शंका व्यक्त केली. जेरोम डगमगले नाहीत.

इ. स. ४२० च्या सुमारास बेथलेहेम येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या परिश्रमांतून साकारलेले लॅटिन बायबल पुढे ‘व्हल्गेट’ म्हणून प्रसिद्ध झाले आणि इ. स. १५४६ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ते प्रमाण मानले.