विश्वनाथ काशिनाथ राजवाडे

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे (१८६३ – ३१ डिसेंबर, १९२६) हे मराठी इतिहाससंशोधक, भाषाशास्त्रज्ञ व लेखक होते. त्यांनी आपले लेखन मराठीतच केले. महानुभाव पंथाच्या सांकेतिक सकळ लिपीची उकल करणाऱ्यांत वि. ल. भावे यांच्यासह त्यांचे नाव घेतले जाते.

जीवन व कार्य

राजवाडे यांचा जन्म कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यातील वरसई येथे झाला. डेक्कन कॉलेजमधून पदवी घेतल्यावर त्यांनी काही काळ पुण्यात शिक्षकी केली. पत्नीच्या अकाली निधनानंतर त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. पुढील आयुष्य गावोगावची दप्तरे, रुमाल व पोथ्या शोधण्यात गेले. १८९८ पासून त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे २२ खंड प्रसिद्ध केले. ७ जुलै, १९१० रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली, तीत ते अग्रभागी होते. स्वभाव मात्र तडजोडीचा नव्हता. मतभेद होताच ते मंडळापासून दूर झाले व अखेरची वर्षे त्यांनी धुळे येथे घालवली.

सकळ लिपीची उकल

श्रीचक्रधरस्वामींच्या अनुयायांनी आपले ग्रंथ चौदाव्या शतकापासून सांकेतिक लिप्यांत उतरवून ठेवले. सकळ लिपी रवळोबास यांनी सिद्ध केली, अशी परंपरा आहे. सुंदरी, पारमांडल्य, अंक, शून्य, सुभद्रा, वज्र अशा इतरही लिप्या पंथात होत्या. जालना जिल्ह्यात भोकरदन तालुक्यातील जाळीचा देव हे महानुभावांचे श्रद्धास्थान आहे. अशा स्थानांशी व मठांशी निगडित परंपरेत पोथी जपली जाई, आणि ती वाचण्याची किल्ली गुरूकडून शिष्याकडे जाई.

याच जिल्ह्यातील जांब येथे जन्मलेल्या समर्थ रामदासांच्या नावावर आद्याक्षरांत निरोप दडवलेली एक रचना सांगितली जाते. तेथे अक्षरे उघडी असतात, वाचण्याची वाट तेवढी लपवलेली असते. सकळ लिपीत अक्षरेच बदललेली असतात. एका व्यंजनाच्या जागी ठरलेले दुसरे व्यंजन येते. त्यामुळे लेखन देवनागरीसारखे दिसते, पण अर्थ लागत नाही. अशा लिपीचे दुबळेपण तिच्या नियमितपणातच असते. ठरलेला बदल सर्वत्र तोच राहत असल्याने प्रत्यय व वारंवार येणारे शब्द ओळखता येतात, आणि थोडी अक्षरे सुटली की उरलेली फार काळ अडून राहत नाहीत. जुन्या मराठीच्या व्याकरणात मुरलेल्या राजवाड्यांसारख्या अभ्यासकाला ही विद्या नवखी नव्हती.

या उकलीचा परिणाम मोठा झाला. गुप्त लिपीमुळे पंथाविषयी पसरलेले गैरसमज तपासता आले. म्हाइंभटांच्या 'लीळाचरित्रा'मुळे (सुमारे १२७८) मराठी गद्याचा आरंभ 'ज्ञानेश्वरी'च्या (१२९०) मागे गेला. य. खु. देशपांडे यांचा 'महानुभावीय मराठी वाङ्मय' हा ग्रंथ १९२५ मध्ये आला.

ज्ञानेश्वरीची पोथी

बीडजवळील पाटांगण येथे मिळालेल्या ज्ञानेश्वरीच्या जुन्या प्रतीवरून राजवाड्यांनी १९०९ मध्ये आवृत्ती काढली व तिच्या भाषेचे व्याकरणही लिहिले. ती मूळ पोथी मात्र पुढील अभ्यासकांना पाहावयास मिळाली नाही. त्यामुळे त्यांच्या पाठाची पडताळणी करता येत नाही, आणि हा आक्षेप आजही रास्त ठरतो.

त्यांचा कागदपत्रांचा संग्रह धुळे येथील राजवाडे संशोधन मंडळात आहे.