विश्लेषण : होम थिएटरची भिंत का घुमते? प्रकाशाआधी आवाजाच्या मागे लागलेल्या, नागपुरात राहून गेलेल्या सी. व्ही. रामन यांची गोष्ट

भिंतीत बसवलेले महागडे सराउंड स्पीकर कधी कधी गुरगुरतात. दोष स्पीकरचा नसतो, भिंतीचा असतो. भिंत, पडदा, तार, लाकडी पेटी अशा वस्तू आवाजाला कशी साथ देतात किंवा त्याचा कसा विचका करतात, याचा अभ्यास शंभर वर्षांपूर्वी एका सरकारी हिशेब अधिकाऱ्याने केला होता.

नागपुरात गांधीसागर तलावाजवळ रामन विज्ञान केंद्र आहे. शाळेच्या सहलीतून तिथे जाऊन न आलेला नागपूरकर शोधावाच लागेल. पण ज्यांचे नाव त्या इमारतीला आहे ते चंद्रशेखर वेंकट रामन १९१० मध्ये स्वतः या शहरात नोकरीला होते, आणि तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रकाशापेक्षा आवाज जास्त होता, हे फारसे कुणाला ठाऊक नसते.

भिंतीतल्या स्पीकरची अडचण नेमकी काय?

इन-वॉल स्पीकर मूळचे परदेशातल्या घरांसाठी तयार झाले. तिथल्या अनेक घरांत भिंत म्हणजे लाकडी चौकट आणि दोन्ही बाजूंनी ठोकलेले बोर्ड. मध्ये पोकळी. बोर्डाला भोक पाडले, स्पीकर आत सरकवला, स्क्रू आवळले, काम झाले.

आपल्याकडे भिंत विटांची. स्पीकरला साधारण तीन ते चार इंच खोली लागते. साडेचार इंची भिंतीत तेवढे खोदले तर पलीकडच्या खोलीचा प्लास्टरच हातात येईल. आरसीसी कॉलमला तर हातही लावायचा नसतो. म्हणून विटांच्या भिंतीपुढे जिप्सम बोर्डाची दुसरी भिंत उभी करतात, वायरी आधीच पाइपातून ओढून घेतात आणि स्पीकर त्या बोर्डात बसवतात. दिसायला काम देखणे होते.

मग पहिला सिनेमा लागतो. संवाद ठीक ऐकू येतात, पण हेलिकॉप्टर आले की डावीकडची भिंत भुणभुणू लागते. स्पीकर बदलून पाहिला तरी भुणभुण तीच. कारण आता स्पीकर एकटा वाजत नसतो, त्याच्यासोबत आठ फूट उंचीचा बोर्डही वाजत असतो.

हिशेब खात्यातला माणूस आवाजाकडे कसा वळला?

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ चा, तिरुचिरापल्लीचा. वडील गणित आणि भौतिकशास्त्र शिकवत, व्हायोलिनही वाजवत. मुलगा अकराव्या वर्षी मॅट्रिक झाला, १९०४ मध्ये मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून पहिल्या क्रमांकाने बी. ए. झाला. १९०६ मध्ये, एम. ए. व्हायच्या आत, त्यांचा पहिला शोधनिबंध लंडनच्या फिलॉसॉफिकल मॅगझिनमध्ये छापून आला. तो प्रकाशावर होता.

असा विद्यार्थी विलायतेला जायचा. पण प्रकृती तोळामासा. तिथली हवा सोसणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आणि तो रस्ता बंद झाला. भारतात संशोधनावर पोट भरेल अशी जागा तेव्हा जवळपास नव्हतीच. रामन यांनी वित्त सेवेची परीक्षा दिली, तीतही पहिले आले, आणि १९०७ मध्ये कलकत्त्यात असिस्टंट अकाउंटंट जनरल म्हणून रुजू झाले. त्याच वर्षी लोकसुंदरी यांच्याशी लग्न झाले. त्या वीणा वाजवत.

कलकत्त्यात ट्रामने जाता-येता बहुबाजार रस्त्यावर इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स अशी पाटी त्यांना दिसली. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये मोठ्या आशेने काढलेली ही संस्था तेव्हा जवळजवळ ओस पडली होती. रामन यांना तिथे काम करायची मुभा मिळाली. पहाटे प्रयोगशाळा, मग कचेरी, संध्याकाळी पुन्हा प्रयोगशाळा, असा दिनक्रम सुरू झाला.

आवाजच का? एक कारण अगदी व्यवहारी होते. ट्यूनिंग फोर्क, तार, वजने, एखादे वाद्य एवढ्यावर आवाजाचे गंभीर प्रयोग होऊ शकत. दुसरे कारण घरातच होते : वडिलांचे व्हायोलिन, पत्नीची वीणा. १९०९ मध्ये त्यांनी चक्क एकतारीवर टिपण लिहिले. वारीच्या वाटेवर दिसणारे हे वाद्य गणिताच्या नियतकालिकात जाऊन बसले.

नागपुरातले वर्ष कसे गेले?

१९०९ मध्ये बदली रंगूनला झाली. काही महिन्यांत वडील वारले, रामन मद्रासला परतले. पुन्हा रंगूनला हजर होतात न होतात तोच १९१० मध्ये नागपूरचा हुकूम आला. नागपूर तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होते, त्यामुळे हिशेब खात्याचे काम भरपूर होते. विज्ञान असोसिएशनसारखी संस्था मात्र इथे नव्हती.

पंचवीस वर्षांच्या आतला कर्तबगार अधिकारी, चांगला पगार, बदलीचे गाव, प्रयोगशाळा शेकडो मैल लांब. असे कितीतरी हुशार लोक फायलींत विरून गेले. रामन यांनी रंगूनप्रमाणे नागपुरातही राहत्या घराच्या एका भागात प्रयोग मांडले, असे चरित्रकार सांगतात. वर्षभराच्या आतच १९११ मध्ये बढतीवर कलकत्त्याला परत बोलावणे आले. नागपूरचे पर्व एवढेच.

त्या काळातले त्यांचे प्रयोग कशाचे होते, हे पुढे १९१२ मध्ये असोसिएशनने छापलेल्या कंपनांवरच्या पुस्तिकेतून कळते. ट्यूनिंग फोर्कला ताणलेली तार बांधायची. फोर्क तारेला लांबीच्या दिशेने ओढतो आणि सोडतो, पण ताण नेमका जुळला की तार आडवी डोलायला लागते, तीही फोर्कच्या निम्म्या वेगाने.

नागपंचमीला उभ्याने झोका चढवणारी मुलगी हेच करते. तिला कुणी ढकलत नाही. प्रत्येक हेलकाव्यात दोनदा, नेमक्या क्षणी, ती गुडघे वाकवते आणि सरळ होते. ताकद थोडी लागते, वेळ मात्र चुकून चालत नाही, आणि झोका आभाळाला जातो. कंप पावणाऱ्या कुठल्याही वस्तूला तिच्या ठरलेल्या ठेक्यावर ऊर्जा मिळाली की असेच घडते. जिप्सम बोर्डालाही असा स्वतःचा ठेका असतो.

व्हायोलिनमधला लांडगा आणि बोर्डाची भिंत

कलकत्त्याला परतल्यावर रामन व्हायोलिनच्या मागे लागले. व्हायोलिनची तार नुसती हवेत ताणली तर तिचा आवाज जेमतेम ऐकू येतो. बारीक तार हवेला ढकलणार किती? ती घोडीला हलवते, घोडी पेटीच्या वरच्या फळीला हलवते आणि ती फळी खोलीतल्या हवेला हलवते. आपण जे ऐकतो ते बहुतांशी लाकूड असते.

पण कधी कधी, विशेषतः चेलोवर, एखादा विशिष्ट स्वर नीट लागतच नाही. तो थरथरतो, गुरगुरतो. पाश्चात्त्य वादक त्याला वुल्फ नोट, म्हणजे लांडग्याचा स्वर म्हणतात. रामन यांनी १९१६ मध्ये यावर लिहिले. तारेचा स्वर आणि पेटीचा स्वतःचा ठेका एकाच जागी आले की पेटी तारेची ऊर्जा भराभर खेचून घेते, तार दमते, पुन्हा सावरते, पुन्हा दमते. त्या झटापटीचा आवाज म्हणजे तो लांडगा. घोडीवर थोडे वजन चढवले की पेटीचा ठेका सरकतो आणि लांडगाही जागा बदलतो.

मीडिया रूमच्या भिंतीतली भुणभुण याच कुळातली आहे. फरक असा की व्हायोलिनची फळी वाजावी म्हणूनच घडवलेली असते, तर बोर्डाने गप्प राहावे अशी आपली अपेक्षा असते. म्हणून चांगला कारागीर बोर्डाचा दुहेरी थर देतो आणि आधाराच्या पट्ट्या जवळ जवळ घेतो. पोकळीत ग्लासवूल भरतो आणि स्पीकरमागे बंद पेटी बसवतो, म्हणजे शंकूच्या मागचा आवाज पोकळीभर हिंडत नाही. वजन वाढव, ताठरपणा वाढव, ऊर्जा शोषून घे, असे हे तीन उपाय. घोडीवरच्या वजनाचे तत्त्वच इथे भिंतभर लावलेले असते.

आपल्याकडे मात्र बजेटचा मोठा वाटा स्पीकर आणि ॲम्प्लिफायरवर जातो आणि बोर्डाच्या दुसऱ्या थरावर घासाघीस होते. हे उलटे आहे.

पगार निम्म्यावर आला तरी नोकरी का सोडली?

१९१७ मध्ये कलकत्ता विद्यापीठात रामन यांना पालित प्राध्यापकपद मिळाले. सरकारी पगाराच्या जवळपास निम्म्या पैशांत त्यांनी ते घेतले. हिशेब खात्यातला अधिकारी हा हिशेब नक्कीच मांडू शकत होता.

पुढची चार वर्षे आवाजाच्या कामाची खरी सुगी ठरली. १९१८ मध्ये व्हायोलिन कुळातल्या वाद्यांवर त्यांचा मोठा प्रबंध आला. माणसाच्या हाताचा बेभरवसा नको म्हणून त्यांनी व्हायोलिन वाजवणारे यंत्रच तयार केले. मग तानपुरा आणि वीणा. तार ज्या जागी छेडतो त्यानुसार काही उपस्वर तिच्यात उमटू नयेत, असा जुना नियम होता. तानपुऱ्याची तार घोडीच्या किंचित गोलाईला घासत कंप पावते, त्यामुळे तिथे हा नियम मोडतो आणि नियमाने गैरहजर असायला हवेत ते उपस्वरही ऐकू येतात, हे त्यांनी दाखवले. मिरजेच्या कारागिरांना जवारी काढताना हे कानाने कळते.

तबल्या-मृदंगावरचे काम तर पाठ्यपुस्तकात जायला हवे. साध्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर मूळ स्वराच्या पूर्ण पटीत नसतात. पहिलाच उपस्वर सुमारे १.५९ पट भरतो. म्हणून साधा ढोल नाद करतो, स्वर देत नाही. तबल्याच्या पुडीवर मधोमध शाई लावली की वजनाची वाटणी बदलते आणि उपस्वर पूर्ण पटींत येऊन बसतात. रामन यांनी १९२० मध्ये हे मांडले आणि १९३४ मध्ये पुन्हा सविस्तर लिहिले. कातड्यावर बारीक वाळू टाकली की न हलणाऱ्या रेषांवर ती गोळा होते आणि कंपनाची नक्षी डोळ्यांना दिसते. नऊ वेगवेगळी कंपने पाच स्वरांत कशी गोळा होतात, हे त्यांनी असे दाखवले. शाई कुठे आणि किती थर लावायची हे ठरवणाऱ्या अनाम कारागिरांविषयी त्यांना मोठा आदर होता.

गोल भिंतीने काय शिकवले?

१९२१ मध्ये ऑक्सफर्डच्या परिषदेसाठी रामन पहिल्यांदा विलायतेला गेले. लंडनच्या सेंट पॉल चर्चच्या घुमटाखालच्या सज्जात भिंतीशी कुजबुजले तर पलीकडच्या टोकाला ऐकू येते. विजापूरचा गोलघुमट पाहिलेल्यांना ही गंमत नवी नाही. आवाज गोल भिंतीला चिकटून सरपटत जातो, असे लॉर्ड रॅले यांनी आधीच सांगितले होते. रामन आणि जी. ए. सदरलँड यांनी तिथे प्रयोग करून आणखी एक गोष्ट दाखवली. भिंतीपासून आत सरकत गेले तर आवाज सरळ कमी होत जात नाही, तो कमी-जास्त, कमी-जास्त होत जातो.

चौकोनी खोलीत कारण वेगळे असते, पण कानाला येणारा अनुभव याच्यासारखाच. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये खर्जाच्या लाटा अडकतात. भिंतींमधले अंतर १२ फूट असेल तर सुमारे ४७ हर्ट्झला, १६ फूट असेल तर सुमारे ३५ हर्ट्झला. त्या स्वरांवर एका खुर्चीत छातीत धडधडते आणि काही फुटांवरच्या खुर्चीत फारसे काही पोहोचत नाही. खोली १२ बाय १२ ची असेल तर दोन्ही बाजूंचे आकडे एकच येतात आणि त्रास दुणावतो. म्हणून भोके पाडण्याआधी सोफा कुठे असेल ते ठरवायचे असते. बाजूचे सराउंड स्पीकर बसणाऱ्याच्या कानाच्या रेषेत किंवा किंचित मागे आणि थोडे वर येतात. सोफा नंतर सरकवता येतो, भिंतीतला स्पीकर सरकवता येत नाही. शिवाय नागपुरात मे महिन्यात कूलर चालू राहणार, हेही गृहीत धरलेले बरे.

मग आवाज मागे का पडला?

त्याच प्रवासाहून परतताना जहाजावरून रामन यांनी भूमध्य समुद्राचा निळा रंग पाहिला आणि त्यांचे लक्ष प्रकाशाच्या विखुरण्याकडे वळले. २८ फेब्रुवारी १९२८ चा शोध आणि १९३० चे नोबेल सर्वांना माहीत आहे. दरम्यान १९२७ मध्ये जर्मनीच्या प्रसिद्ध भौतिकी ज्ञानकोशात वाद्यांवरचा लेख त्यांच्याकडून लिहून घेतला गेला. नोबेलच्या झगमगाटात ही ओळख पुसट झाली.

१९३३ मध्ये ते बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे संचालक झाले. तिथला एक प्रसंग मराठी वाचकाला विसरता येणार नाही. मुंबई विद्यापीठात पहिल्या आलेल्या कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, यांना केवळ स्त्री म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई अडून बसल्या आणि अटींवर एक वर्षासाठी आत शिरल्या. त्यांचे काम पाहून रामन यांना मत बदलावे लागले आणि संस्थेचे दार मुलींना उघडले. शाई लावणाऱ्या कारागिरासमोर नम्र होणारा हा माणूस इथे कमी पडला, हे नोंदवायलाच हवे.

संचालकपद १९३७ मध्ये वादावादीत गेले. १९४८ मध्ये त्यांनी बंगळूरलाच स्वतःची संशोधन संस्था उभारली. १९५४ मध्ये भारतरत्न मिळाले. २१ नोव्हेंबर १९७० रोजी ते गेले आणि त्याच संस्थेच्या आवारात, झाडांमध्ये, त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.

मीडिया रूम ताब्यात घेताना करायची चाचणी रामन यांच्या वाळूच्या प्रयोगाची धाकटी बहीण म्हणावी अशी आहे. मोबाइलवर २० ते २०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढत जाणारा स्वर लावायचा, आवाज नेहमीइतका ठेवायचा आणि तळहात बोर्डावर टेकवून भिंतीच्या कडेकडेने चालायचे. जिथे हाताला मुंग्या येतात आणि कानाला भुणभुण येते, तिथे पेन्सिलने खूण करायची. रंगकाम त्यानंतर.