मुथुलक्ष्मी रेड्डी

डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी (जन्म : ३० जुलै १८८६, पुदुक्कोट्टै, मृत्यू : २२ जुलै १९६८, मद्रास) या भारतीय वैद्यक, समाजसुधारक आणि मद्रास प्रांताच्या विधिमंडळाच्या सदस्य होत्या. ब्रिटिश भारतातील विधिमंडळात बसणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्या विधिमंडळाच्या उपाध्यक्षपदीही त्यांची निवड झाली. मुलींना देवळात देवदासी म्हणून वाहण्याची प्रथा कायद्याने बंद व्हावी, हे त्यांच्या सार्वजनिक जीवनातील सर्वांत मोठे कार्य होते. त्यांची आमदारकी अवघी साडेतीन वर्षांची असली, तरी त्या काळात त्यांनी मांडलेल्या विधेयकाचा कायदा होण्यास १९४७ साल उजाडावे लागले.

बालपण आणि शिक्षण

मुथुलक्ष्मी यांचा जन्म आजच्या तमिळनाडूतील पुदुक्कोट्टै या तत्कालीन संस्थानात झाला. वडील नारायणस्वामी अय्यर हे तेथील महाराजा महाविद्यालयाचे प्राचार्य होते. आई चंद्रम्माळ या देवदासी परंपरेतील कुळातून आलेल्या होत्या. ब्राह्मण पुरुषाने अशा कुळातील स्त्रीशी संसार थाटणे त्या काळच्या समाजाला मान्य नव्हते. वडिलांच्या नातलगांनी या कुटुंबाशी संबंध तोडले. आईच्या आप्तांशी मुथुलक्ष्मींचा निकटचा परिचय असल्यामुळे देवदासींचे जीवन त्यांनी लहानपणापासून जवळून पाहिले होते. पुढे विधिमंडळात त्या या प्रश्नावर बोलल्या, त्यामागे हा घरचा अनुभव होता.

शाळेत त्या हुशार होत्या. वयात आल्यावर मुलीला शाळेतून काढण्याची रीत असल्याने पुढील अभ्यास त्यांनी घरीच केला आणि त्या मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. महाराजा महाविद्यालयात प्रवेशासाठी त्यांनी अर्ज केला, तेव्हा मुलांच्या वर्गात मुलगी बसवण्यास जोरदार विरोध झाला. संस्थानचे राजे मार्तंड भैरव तोंडैमान यांनी तो विरोध बाजूला सारून त्यांना प्रवेश व शिष्यवृत्ती दिली.

१९०७ साली मुथुलक्ष्मी मद्रास वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. १९१२ मध्ये अनेक पारितोषिकांसह त्यांनी वैद्यकाची पदवी मिळवली आणि मद्रासच्या शासकीय प्रसूती रुग्णालयात निवासी शल्यवैद्य म्हणून काम केले. सरोजिनी नायडू आणि ॲनी बेझंट यांच्या सहवासातून त्या स्त्रियांच्या चळवळीकडे वळल्या.

१९१४ मध्ये डॉ. टी. सुंदर रेड्डी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. विवाहात आपल्याला बरोबरीचे स्थान असावे आणि आपल्या इच्छेआड कोणी येऊ नये, अशी अट त्यांनी आधीच घातली होती. पतीने ती पाळली. त्यांना दोन मुलगे झाले.

विधिमंडळातील प्रवेश

१९१७ साली मद्रासमध्ये स्थापन झालेल्या विमेन्स इंडियन असोसिएशन या संस्थेने स्त्रियांच्या मताधिकाराची मागणी लावून धरली. त्या चळवळीला यश येऊन १९२१ मध्ये मद्रास प्रांतात पात्र स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळाला आणि १९२६ मध्ये विधिमंडळाचे सभासदत्वही त्यांना खुले झाले. त्या वर्षीच्या निवडणुकीत कमलादेवी चट्टोपाध्याय थोड्या मतांनी पराभूत झाल्या. तेव्हा निदान एक तरी स्त्री सभागृहात असावी म्हणून संस्थेने सरकारनियुक्त सदस्यत्वासाठी मुथुलक्ष्मींचे नाव पुढे केले.

त्या नुकत्याच इंग्लंडमधील वैद्यकीय अभ्यास आटोपून परतल्या होत्या. रुग्णसेवेत खंड पडेल म्हणून हे पद स्वीकारण्यास त्या प्रथम नाखूश होत्या. अखेर संस्थेच्या आग्रहामुळे त्यांनी होकार दिला. १९२७ मध्ये सभागृहाने त्यांची उपाध्यक्षपदी एकमताने निवड केली. विधिमंडळाचे उपाध्यक्षपद भूषवणाऱ्या त्या जगातील पहिल्या स्त्री मानल्या जातात.

सभागृहातील त्यांच्या कामावर वैद्यकाच्या अनुभवाची छाप होती. शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी, स्त्रिया व मुले यांच्यासाठी स्वतंत्र रुग्णालय आणि मुलींच्या शिक्षणासाठी सवलती हे विषय त्यांनी सातत्याने मांडले. कोवळ्या वयातील मातृत्वाचे परिणाम त्यांनी प्रसूतिगृहात पाहिले होते. म्हणून मुलींसाठी १६ आणि मुलांसाठी २१ हे विवाहाचे किमान वय असावे, अशी शिफारस करणारा ठराव त्यांनी १९२८ मध्ये आणला. पुढील वर्षी मध्यवर्ती विधिमंडळाने संमत केलेल्या सारडा कायद्यात ही वये अनुक्रमे १४ आणि १८ अशी ठरली. कुंटणखाने आणि स्त्रियांचा व्यापार यांना आळा घालणारा प्रांतिक कायदा १९३० मध्ये झाला, त्यामागेही त्यांचे परिश्रम होते. याच काळात भारतातील शिक्षणाच्या स्थितीचा आढावा घेणाऱ्या हारटॉग समितीवर त्या एकमेव स्त्री सदस्य होत्या.

देवदासी विधेयक

देवदासी प्रथेत लहान वयातच मुलीचे देवाशी लग्न लावून तिला देवळाच्या सेवेला वाहिले जाई. तिला इतरांप्रमाणे विवाह करता येत नसे आणि बहुधा तिला एखाद्या धनिकाच्या आश्रयाने राहावे लागे. नोव्हेंबर १९२७ मध्ये मुथुलक्ष्मींनी ही प्रथा थांबवण्याची शिफारस करणारा ठराव सभागृहात मांडला आणि तो संमत झाला. मात्र ठरावाला कायद्याचे बळ नव्हते.

प्रथेच्या मुळाशी जमिनीचा प्रश्न होता. देवदासींच्या अनेक कुटुंबांकडे देवळाच्या इनाम जमिनी होत्या आणि त्या सेवेच्या अटीवर मिळालेल्या होत्या. घरातील एकही मुलगी देवाला वाहिली नाही, तर जमीन हातची जाण्याची भीती असे. म्हणून मुथुलक्ष्मींनी प्रथम या आर्थिक गाठीला हात घातला. १९२९ साली हिंदू धर्मादाय संस्थांच्या कायद्यात त्यांच्या पुढाकाराने दुरुस्ती झाली. या दुरुस्तीने इनामधारक देवदासी सेवेच्या बंधनातून मुक्त झाल्या आणि जमीन त्यांच्याकडेच ठेवण्याची सोय झाली. त्यानंतर मुलींना देवाला वाहणेच बेकायदा ठरवणारे विधेयक त्यांनी १९३० च्या आरंभी मांडले.

या प्रयत्नांना कडवा विरोध झाला. सनातनी मंडळींना हा धर्मातील हस्तक्षेप वाटला. काँग्रेसचे प्रभावी वक्ते एस. सत्यमूर्ती हेही विरोधकांत होते. सर्वांत अवघड विरोध खुद्द देवदासींकडून आला. प्रसिद्ध गायिका बंगळूर नागरत्नम्मा यांच्यासारख्या कलावतींनी संघटना करून सरकारकडे निवेदने पाठवली. देवदासी कुळांत मुलींना संपत्तीचा वारसा मिळे, त्यांना विद्या शिकता येई आणि संगीत व नृत्य त्यांनीच पिढ्यान्‌पिढ्या जतन केले होते. सरसकट सर्वांना वेश्या ठरवणे अन्यायाचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. दुसरीकडे, स्वतः या परंपरेत वाढलेल्या मूवलूर रामामिर्तम अम्माळ यांनी बंदीच्या बाजूने गावोगाव प्रचार केला. अल्पवयीन मुलीला संमती देण्याची वा नाकारण्याची संधीच मिळत नाही, हा मुथुलक्ष्मींच्या युक्तिवादाचा गाभा होता. पुढील काळातील काही अभ्यासकांनी मात्र या सुधारणांमुळे कलावंत स्त्रियांचे उपजीविकेचे साधन व सामाजिक स्थान हिरावले गेले, अशी टीका केली आहे.

राजीनामा आणि अव्वै आश्रम

विधेयक विचाराधीन असतानाच मिठाच्या सत्याग्रहात मे १९३० मध्ये महात्मा गांधींना अटक झाली. तिच्या निषेधार्थ मुथुलक्ष्मींनी विधिमंडळाचा राजीनामा दिला. सभागृहात राहिल्या असत्या, तर विधेयक पुढे नेण्याची संधी त्यांना मिळाली असती. त्यांच्या जाण्याने ते मागे पडले. सभागृहातील अनुभव त्यांनी त्याच वर्षी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले.

देवदासी घर सोडून शिकू पाहणाऱ्या मुलींना वसतिगृहात थारा मिळत नसे. मुलींच्या कुळाची चौकशी होई आणि दार बंद होई. अशा मुली आपल्याकडे आल्या, तेव्हा मुथुलक्ष्मींनी त्यांना स्वतःच्या घरात आसरा दिला. त्यातून १९३० च्या सुमारास अव्वै आश्रमाची स्थापना झाली. प्राचीन तमिळ कवयित्री अव्वैयार हिचे नाव त्याला देण्यात आले. निराधार मुलींना निवारा, शालेय शिक्षण आणि परिचारिका वा शिक्षिका होण्यासाठी आवश्यक तयारी येथे मिळू लागली. प्रथा मोडल्यावर मुलीने जायचे कुठे, या प्रश्नाला हा आश्रम हे त्यांचे उत्तर होते.

दरम्यान मुंबई प्रांतात १९३४ साली देवदासी संरक्षण कायदा झाला. मद्रासमध्ये मात्र देवदासी अर्पण प्रतिबंधक कायदा १९४७ मध्ये, म्हणजे मूळ ठरावानंतर वीस वर्षांनी संमत झाला. विधेयकाचा पाठपुरावा मुथुलक्ष्मींनी सभागृहाबाहेरूनही सोडला नव्हता. १९३३ मध्ये शिकागो येथील आंतरराष्ट्रीय महिला परिषदेस त्या उपस्थित होत्या. अखिल भारतीय महिला परिषदेचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले.

कर्करोग संस्था

१९२३ मध्ये मुथुलक्ष्मींची धाकटी बहीण कर्करोगाने दगावली. रोगाचे निदान वेळेवर झाले नव्हते. १९२५ मध्ये इंग्लंडला गेल्यावर त्यांनी लंडनच्या रॉयल कॅन्सर हॉस्पिटलमध्येही अनुभव घेतला. मद्रासमध्ये कर्करोगाचे स्वतंत्र रुग्णालय असावे, ही मागणी त्यांनी अनेक वर्षे केली. बऱ्या न होणाऱ्या रोगावर पैसा खर्च कशाला, असा तेव्हा अधिकारीवर्गाचा सूर असे.

अखेर विमेन्स इंडियन असोसिएशनच्या साहाय्याने त्यांनी निधी जमवला. अड्यार येथील कर्करोग संस्थेची कोनशिला १९५२ मध्ये पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते बसवण्यात आली आणि १८ जून १९५४ रोजी अवघ्या १२ खाटांनिशी संस्था सुरू झाली. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयानंतर कर्करोगासाठीच वाहिलेले हे देशातील आरंभीचे मोठे केंद्र होय. मुथुलक्ष्मींचे चिरंजीव डॉ. एस. कृष्णमूर्ती यांनी पुढे संस्थेची धुरा वाहिली.

सन्मान आणि अखेर

१९५६ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले. १९६४ साली त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. २२ जुलै १९६८ रोजी मद्रास येथे वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तमिळनाडू शासनाच्या गरीब गर्भवतींना अर्थसाहाय्य देणाऱ्या योजनेला त्यांचे नाव देण्यात आले आहे. अव्वै आश्रम आणि कर्करोग संस्था या त्यांनी स्थापन केलेल्या दोन्ही संस्थांचे कार्य त्यांच्या पश्चातही चालू राहिले.