शाळेच्या मैदानापासून ऑलिंपिकपर्यंत : सर दोराबजी टाटा

दरवर्षी २९ ऑगस्टला आपल्या शाळांतून राष्ट्रीय क्रीडादिन साजरा होतो. हॉकीपटू मेजर ध्यानचंद यांची ती जयंती. मुले रांगेत उभी राहतात, पाहुण्यांची भाषणे होतात, निवडक खेळाडूंचा गौरव होतो. त्याच्या दोनच दिवस आधी, २७ ऑगस्टला, आणखी एका व्यक्तीची जयंती येते आणि फारशी कोणाच्या ध्यानात न येता निघून जाते. भारतीय संघाला ऑलिंपिकच्या मैदानावर नेणारे सर दोराबजी टाटा ही ती व्यक्ती. उद्योगपती म्हणून त्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्यांच्या क्रीडाकार्याचा आरंभ शाळकरी मुलांपासून झाला आणि त्याला खरी कलाटणी मिळाली ती आपल्या पुण्यात, हे फार थोड्यांना माहीत असते. म्हणून त्यांचे चरित्र आमच्या वाचकांपुढे थोडक्यात ठेवावे असे आम्हांस वाटले.

दोराबजींचा जन्म २७ ऑगस्ट १८५९ रोजी मुंबईत झाला. जमशेटजी व हिराबाई यांचे ते ज्येष्ठ पुत्र. मुंबईतील शालेय शिक्षणानंतर १८७५ साली वडिलांनी त्यांना इंग्लंडला पाठविले. तेथे केंट परगण्यात खासगी शिक्षकाकडे राहून अभ्यास केल्यावर १८७७ साली ते केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीज महाविद्यालयात दाखल झाले. तेथे त्यांनी क्रिकेट व फुटबॉल या खेळांत नाव मिळविले. टेनिस, नौकानयन व घोडेस्वारी यांचीही गोडी त्यांना लागली. तेथील विद्यार्थिजीवनात खेळ हा अभ्यासाचा शत्रू मानला जात नव्हता. सकाळी ग्रंथालय आणि दुपारी मैदान, अशी दिवसाची वाटणी सर्वांना मान्य होती. हा संस्कार दोराबजींच्या मनावर कायमचा उमटला.

१८७९ साली ते मायदेशी परतले व मुंबईत येशूसंघीय धर्मगुरूंनी चालविलेल्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात दाखल झाले. तेथून १८८२ साली त्यांनी पदवी घेतली. पुढे दोन वर्षे त्यांनी बॉम्बे गॅझेट या वृत्तपत्रात काम केले आणि १८८४ साली वडिलांच्या उद्योगात पाऊल टाकले. मात्र इंग्लंडमध्ये पाहिलेली मैदाने त्यांच्या डोळ्यांपुढून हलेनात. आपल्याकडील मुलांना ही संधी का मिळू नये, असा विचार त्यांच्या मनात घोळू लागला.

त्या काळी आपल्याकडे शरीरसाधना नव्हती असे मुळीच नाही. तालमी होत्या, आखाडे होते, कुस्ती आणि मल्लखांब होते. पण तालीम एकीकडे व शाळा दुसरीकडे, असा प्रकार होता. शाळेचा संबंध पाठांतराशी आणि परीक्षेशी. दोराबजींनी हे अंतर कमी करण्याचा प्रयत्न केला. काही इंग्रज मित्रांचे साहाय्य घेऊन त्यांनी मुंबईतील अनेक माध्यमिक शाळांची एक क्रीडा संघटना उभारली व तिचे सरचिटणीसपद स्वतः सांभाळले. प्रथम क्रिकेटचे सामने सुरू झाले. पुढे धावणे, उड्या आदी मैदानी स्पर्धांची भर पडली.

आज ही गोष्ट किरकोळ वाटेल. परंतु शाळांच्या संघटनेने काय घडते याचा विचार करावा. सामन्याचा दिवस ठरला की शाळेला संघ निवडावा लागतो. संघ निवडायचा तर मुलांना खेळविले पाहिजे. खेळवायचे तर मैदान हवे, वेळापत्रकात जागा हवी आणि लक्ष देणारा शिक्षक हवा. अशा रीतीने खेळ हा फावल्या वेळेचा उद्योग न राहता शाळेच्या कामाचा भाग होऊ लागतो. एखाद्या मुलाला बक्षीस देण्यापेक्षा शाळेला खेळाची सवय लावणे अधिक मोलाचे असते.

यानंतर बराच काळ लोटला. १९०४ साली जमशेटजींचे निधन झाले आणि त्यांच्या अपुऱ्या संकल्पांचे ओझे दोराबजींच्या खांद्यांवर आले. पोलादाचा कारखाना, लोणावळ्याच्या परिसरातील जलविद्युत प्रकल्प, बंगलोरची विज्ञानसंस्था ही सारी कामे त्यांनी तडीस नेली. १९१० साली त्यांना सर ही पदवी मिळाली. अशा व्यापातही पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले. १९०६ साली मुठेच्या पलीकडे स्थापन झालेली ही संस्था तेव्हा तरुण होती. देशी व विदेशी अशा दोन्ही प्रकारच्या खेळांना तेथे स्थान होते.

१९१९ साली जिमखान्याच्या मैदानी स्पर्धा पाहण्याचा योग दोराबजींना आला. संयोजक उत्साही होते, पण इंग्लंडमधील शाळा-महाविद्यालयांच्या धर्तीवर स्पर्धा कशा घ्याव्यात, याची बारीक माहिती त्यांना नव्हती. धावपट्टी साधी होती. लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरलेल्यांत बरेचसे शेतकरी होते. कोणी प्रशिक्षक नाही, पायांत जोडे नाहीत. खडीच्या व मातीच्या रस्त्यांवर अनवाणी धावण्याची मात्र त्यांना सवय होती. दोराबजींनी वेळा पाहिल्या आणि ते थक्क झाले. काहींची वेळ युरोपातील धावपटूंच्या तोडीची होती. मुंबई प्रांताचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्यापुढे त्यांनी विषय मांडला, आणि ब्रिटिश ऑलिंपिक संघटनेच्या मार्फत भारताला १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये भाग घेण्याची अनुमती मिळाली. निवड चाचणी पुण्यातच झाली. खर्चाचा मोठा वाटा दोराबजींनी स्वतः उचलला.

त्या संघात चार धावपटू आणि दोन मल्ल असे सहा जण होते. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये १९वे आले. कोल्हापूरचे मल्ल रणधीर शिंदे यांचे पदक थोडक्यात हुकले. ते चौथे आले. सदाशिव दातार, कैकाडी, बंगालचे पूर्मा बॅनर्जी आणि मल्ल कुमार नवले हे त्यांचे सहकारी. पदक एकही नाही, तरी वाट तयार झाली. त्याच वर्षी दोराबजी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सदस्य झाले. १९२७ साली भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्षपद त्यांच्याकडे आले आणि वायएमसीएचे डॉ. नोरेन चिटणीस झाले. याच वायएमसीएचे हॅरी क्रो बक यांनी १९२० साली मद्रासला शारीरिक शिक्षकांसाठी प्रशिक्षण विद्यालय काढले होते. पुण्यात १९२४ साली महाराष्ट्रीय मंडळ स्थापन झाले व कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी व्यायामशिक्षणाची परंपरा येथे रुजविली. केवळ स्पर्धा भरवून भागत नाही, मुलांना रोज मैदानावर नेणारा जाणता शिक्षक लागतो, हे त्या पिढीने ओळखले होते.

दोराबजींच्या पत्नी मेहेरबाई यांचा उल्लेख केल्यावाचून हे चरित्र पूर्ण होणार नाही. १८९८ साली त्यांचा विवाह झाला. मेहेरबाई उत्तम टेनिसपटू होत्या. पारशी पद्धतीची साडी नेसून त्या सामने खेळत व जिंकत. स्त्रीने मैदानावर उतरणे ज्या काळी अनेकांना खपत नव्हते, त्या काळातील ही गोष्ट आहे. शालेय स्पर्धांचा तो आरंभीचा काळ मुख्यतः मुलग्यांचाच होता. ही उणीव सांगितली पाहिजे, कारण खेळाच्या तासाला मुलींना सावलीत बसविणाऱ्या शाळा अद्यापही आढळतात.

आणखी एक गोष्ट झाकून ठेवणे आम्हांस उचित वाटत नाही. पुण्यात अनवाणी शेतकऱ्यांचे कौतुक झाले, त्यानंतर थोड्याच काळात टाटांच्या वीज कंपनीने मुळशी येथे धरणाचे काम हाती घेतले. मावळातील शेतकऱ्यांच्या जमिनी त्यात जाऊ लागल्या आणि सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ या काळात सत्याग्रह झाला. धरण पुरे झाले. गावे पाण्याखाली गेली. ज्यांच्या पायांतील बळ दोराबजींनी ओळखले, तशाच शेतकऱ्यांच्या पायांखालची भूमी त्यांच्याच उद्योगाने घेतली. थोरांचे चरित्र वाचताना हा भागही वाचावा लागतो.

१९२४ सालीच पोलाद कंपनी अडचणीत आली, तेव्हा कामगारांचे वेतन थकू नये म्हणून दोराबजींनी आपली खासगी संपत्ती, पत्नीच्या दागिन्यांसह, बँकेकडे तारण ठेवली. १९३१ साली मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. या दांपत्याला अपत्य नव्हते. १९३२ साली दोराबजींनी आपली जवळजवळ सर्व मालमत्ता विश्वस्त निधीला दिली. त्याच वर्षी पत्नीच्या समाधीच्या दर्शनासाठी युरोपात गेले असता ३ जून रोजी जर्मनीतील बाड किसिंगेन येथे त्यांचे देहावसान झाले. इंग्लंडमधील ब्रुकवूड दफनभूमीत ते मेहेरबाईंच्या शेजारी विसावले आहेत. पुढे त्यांच्या निधीतून १९३६ साली समाजकार्याचे विद्यालय व १९४१ साली मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय उभे राहिले.

हे चरित्र लिहिताना एक विचार आमच्या मनातून जाईना. १९१९ साली दोराबजींना चकित करणारे ते शेतकरी कोणत्याही क्रीडा संघटनेने घडविले नव्हते. त्यांचे पाय शेताने, डोंगराने आणि रोजच्या चालण्याने घडविले होते. आज पुण्यातील किती मुले शाळेत चालत जातात? रिक्षा किंवा बस त्यांना दारातून उचलते आणि फाटकात सोडते. दिवसभर बाक, संध्याकाळी शिकवणी, रात्री भ्रमणध्वनी. शेत गेले, रस्ता वाहनांनी घेतला. आता मुलांच्या पायांना उरली ती केवळ शाळा. जागतिक आरोग्य संघटनेने ५ ते १७ या वयोगटातील मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटे दमविणारी हालचाल आवश्यक मानली आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेला क्रीडांगण असावे असा दंडक घातला आहे. तरीही अभ्यासक्रम मागे पडला की पहिला बळी जातो तो खेळाच्या तासाचा.

आम्ही स्वतः शाळेत असताना धावण्यात नेहमी मागे पडत असू. वार्षिक स्पर्धेच्या दिवशी आमच्याकडे काम असे ते टाळ्या वाजविण्याचे. चपळ मुले आणखी चपळ होत आणि आमच्यासारखी बसणारी बसूनच राहत. ज्याला धावण्याची खरी गरज, त्यालाच मैदान बंद, हे त्या वेळी कोणाला खटकत नव्हते. आम्हांलाही नाही.

यास फार पैसा लागत नाही. खेळाचा तास दुसऱ्या विषयाला देऊ नये. दोन तासांमध्ये पाच मिनिटे मुलांना उभे करून हातपाय हलवू द्यावेत. मधल्या सुट्टीत मैदानाचे फाटक उघडे ठेवावे आणि तेथे मोटारी उभ्या करू नयेत. वार्षिक स्पर्धेत प्रत्येक मुलाने व प्रत्येक मुलीने एक तरी शर्यत धावावी. शेवटी येणाऱ्यासाठीही टाळ्या वाजाव्यात. पालकसभेत गुणांविषयी विचारणाऱ्या आईवडिलांनी, आमचे मूल आज किती धावले, हेही एकदा शिक्षकांना विचारावे.

दोराबजींनी ऑलिंपिकचा विचार करण्याच्या कितीतरी आधी शाळांचा विचार केला होता. येत्या २७ ऑगस्टला त्यांच्या तसबिरीला हार घालण्याऐवजी आपल्या धर्मग्रामांतील शाळांनी एक तास सर्व मुलांना मैदानावर सोडले, तर त्यांचे स्मरण अधिक योग्य होईल असे आम्हांस वाटते.