मित्राचा वेध

वैशाखात रात्री सारोळ्याहून दक्षिणेकडे पाहावे. डोंगर आड नसेल, तर क्षितिजालगत एक तेजस्वी तारा दिसतो. त्याचे नाव मित्र. दुर्बिणीतून त्याचे दोन तारे होतात.

विल्यम स्टीफन जेकब यांचा जन्म इंग्लंडात १८१३ साली झाला. कंपनी सरकारच्या मुंबई इलाख्यात ते इंजिनिअर होते. १८४२ मध्ये त्यांनी पुण्यात स्वतःची वेधशाळा उभारली आणि १८४५ ते १८४८ या काळात २४४ जोडतारे मोजले.

मित्राचे वेध जॉन हर्शेल यांनी पूर्वीच आफ्रिकेच्या केपहून घेतले होते. जेकबांनी त्याची कक्षा गणिताने मांडली. परंतु या जोडीची एक फेरी सुमारे ऐंशी वर्षांची! ती एकट्याने मोजून होत नाही. म्हणून दूरदूरचे ज्योतिर्विद आपली मोजमापे लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीला कळवीत. त्यांचे सख्य या आकड्यांवरच जुळे.

१८४८ च्या अखेरीस जेकब मद्रास वेधशाळेचे संचालक झाले. पुढे पुण्याजवळच्या डोंगरावर वेधशाळा उभारण्याचे त्यांनी योजिले व स्वखर्चाने नऊ इंची दुर्बीण घेतली. ८ ऑगस्ट १८६२ रोजी ते मुंबईस उतरले. १६ ऑगस्टला पुण्यात वारले. वय अवघे ४८. मित्राची ती फेरी पुढे इतरांनी मोजून पुरी केली.